काटा थरथरतो तेव्हा

ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईची अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपताच २०२३मध्ये सेवेतून बाद झाली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनींच्या स्पीडोमीटरचा काटा थरथरू लागला, की मालक थेट दुसरा मीटर शोधू लागतात. ही घाई बहुधा अनाठायी ठरते.

गिअरबॉक्सकडून येणारी लवचिक केबल मीटरमधील लोहचुंबक फिरवते. भोवतालच्या अॅल्युमिनियमच्या वाटीला तो स्पर्शही करत नाही. तरीही वाटीत उत्पन्न होणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते. या रस्सीखेचीत काटा जिथे स्थिरावतो, तो वेग. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवर, पण दातेरी चाकांनी फिरतात.

निदानाची किल्ली इथेच आहे. काटा आणि आकडे दोन्ही ठप्प असल्यास आधी केबल तपासावी. आकडे फिरत असूनही काटा निश्चल असेल, तर दोष मीटरचा. थरथर बहुतेकदा कोरड्या पडलेल्या तारेची किंवा केबलला बसलेल्या तीव्र वळणाची असते. तार काढून पुसावी, ग्रीसचा पातळ थर द्यावा. मीटरकडील टोक कोरडेच ठेवावे. सढळ हाताने लावलेले ग्रीस वर चढून वाटीत शिरते आणि मग मीटर खरोखरच उघडावा लागतो.