सरव्यावरचा हक्क

कापणी करताना शेताच्या कडा तशाच सोडाव्यात, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये. ती विधवेची, अनाथाची आणि परक्याची. मोशेच्या नियमशास्त्रातली ही आज्ञा आहे, मालकाच्या मर्जीवर ती सोडलेली नाही. शेतात उरलेला हा सरवा वेचायला आलेली बाई भीक मागत नाही, आपला वाटा नेते. यशया, आमोस हे संदेष्टे तर आणखी कडक बोलतात. दुबळ्याला न्याय मिळत नसेल तर देवाला तुमचे सणही नकोत आणि यज्ञही नकोत. पंडिता रमाबाईंच्या १८८९ ते १९२२ या काळातल्या कामाचा माग काढताना हाच धागा मला सर्वांत पक्का वाटतो.

भूक त्यांनी अंगावर सोसली होती. दुष्काळाच्या दिवसांत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. पुढच्या वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी फुलम इथे चालवलेलं घर त्यांनी तिथेच पाहिलं. जगाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना त्या घरी मायेने वागवलं जात होतं. हे कशासाठी, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. शास्त्रांत मुरलेल्या या विदुषीच्या मनावर त्या गोष्टीचा आणि त्या घराचा खोल ठसा उमटला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांचं शारदा सदन हे विधवांसाठीचं विद्यालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हललं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून ‘केसरी’ने झोड उठवली आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वादातला मूळ प्रश्न खरा होता. आश्रयाला आलेली मुलगी आश्रय देणारीचा धर्म घेते, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी असते? ख्रिस्ती सेवेने हा प्रश्न झटकून टाकू नये. पण या वादात सदनातल्या मुलींना घरी परत नेणाऱ्यांनी त्यांच्यापुढे काय ठेवलं, तेही विचारलं पाहिजे.

मोठं वळण आलं ते १८९६-९७च्या दुष्काळात. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून दौंडजवळ केडगावला त्यांनी घेतलेल्या जमिनीवर निवारे उभे राहिले. शारदा सदनात प्रामुख्याने ब्राह्मण विधवा होत्या आणि त्यांचे सोवळ्याचे नियम पाळले जात. केडगावला सगळ्या जातींच्या मुली एका आवारात आल्या. माझ्या मते शेजारी कोण, या प्रश्नाचं रमाबाईंचं उत्तर इथे पालटलं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

पण नुसतं जेवू घालणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. विहिरी खणल्या, माग लावले, तेलाचा घाणा बसवला, छापखाना काढला. परित्यक्ता आणि फसवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या आणि अंध मुली वाचू लागल्या. कालपर्यंत घरात ओझं ठरलेली बाई खिळे जुळवून पान बांधत होती. तिच्या हातात आता कसब होतं, आणि दुसऱ्याच्या दयेवर जगण्याची वेळ तिच्यावर पुन्हा येऊ नये, ही रमाबाईंची धडपड होती.

न्यायाची दुसरी बाजूही त्यांनी सोडली नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांचे हाल होत होते, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. ज्या राज्यकर्त्यांचा धर्म तोच आपला, त्यांच्याशी भांडायला त्या कचरल्या नाहीत.

शेवटची वर्षं गेली बायबलच्या भाषांतरात. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते साध्या मराठीत उतरवलं, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. ग्रंथ बाहेर पडला १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यातून. आपल्याकडच्या सुधारणेच्या इतिहासात रमाबाई बहुधा शारदा सदनापाशीच थांबतात. केडगावची पंचवीस वर्षं ‘मिशनचं काम’ म्हणून बाजूला पडतात, आणि सर्वाधिक निराधार मुली तर तिथेच होत्या.