अपत्यप्राप्ति आणि मोबदला

अपत्यहीनतेचें दुःख आपल्या धर्मग्रंथांनीं कधीं हलकें मानलें नाहीं. पण त्यावरील उपायासहि त्यांनीं मर्यादा घातली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत नियोगाची अनुज्ञा आहे आणि लगेच पुढें त्याचा निषेधहि आहे. महाभारतांत अंबिकेनें दुसऱ्या वेळीं व्यासांकडे आपल्याऐवजीं दासीला पाठविलें. तिच्या पोटीं विदुर जन्मला. तिचें नांव मात्र ग्रंथांत नाहीं.

आज प्रयोगशाळेंत सिद्ध झालेला गर्भ दुसऱ्या स्त्रीच्या उदरांत वाढूं शकतो. आपल्या देशांत कांहीं वर्षें हा उघड व्यापार होता. गरजू स्त्रिया मोबदल्यासाठीं परक्यांचा गर्भ वाहात. २०२१ च्या कायद्यानें त्यास मनाई केली. आतां वैद्यकीय व इतर विहित खर्च आणि विमा यांपलीकडे त्या स्त्रीस कांहीं देतां येत नाहीं.

एकीच्या दारिद्र्यावर दुसरीची आशा पुरविणें हा अधर्मच. परंतु वैद्यानें, रुग्णालयानें, औषधविक्रेत्यानें द्रव्य घ्यावें आणि गर्भ वाहणारीनेंच तेवढा त्याग करावा, हा तरी न्याय कसा? व्यासांनीं त्या दासीस दास्यमुक्तीचा वर दिला होता. आपण तिला काय देणार, हाच खरा धर्मप्रश्न आहे.