वडिलांचा वर्ग : बाप-लेकरांच्या व्यायामाचा एक प्रयोग

बालकांच्या आरोग्याविषयीची सभा कोणत्याही गावी भरो, शाळेत असो वा अंगणवाडीत, तिच्या हजेरीपटावर नजर टाकली तर बहुतेक नावे मातांचीच आढळतात. वडील आलेच तर दाराशी उभे राहतात आणि सही करून निघून जातात. ही स्थिती केवळ आपल्याकडची नव्हे. ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न देशातही मुलांच्या आहार-व्यायामाच्या कार्यक्रमांत वडील तुरळकच असत, आणि पालक म्हणजे माता असे कार्यक्रम आखणारेही जणू गृहीत धरीत. हे गृहीत बाजूला सारून वडील आणि मुले यांनाच समोर ठेवणारा जो प्रयोग त्या देशातील न्यूकॅसल येथे झाला, त्याची माहिती शिक्षकांना व पंचायतीच्या सदस्यांना उपयोगी पडण्यासारखी आहे.

न्यूकॅसल हे न्यू साउथ वेल्स राज्यातील बंदर सिडनीच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरवर, हंटर नदीच्या मुखाशी वसलेले आहे. नदीच्या खोऱ्यात दगडी कोळशाच्या मोठ्या खाणी असून तो कोळसा याच बंदरातून परदेशी जातो. शहरातील पोलादाचा कारखाना १९९९ साली बंद झाला. पाळीने काम करणारा, यंत्रावर किंवा वाहनात बसून दिवस काढणारा आणि घरी येताच दूरचित्रवाणीपुढे विसावणारा बाप या भागात विरळा नाही. तेथील विद्यापीठातील प्राध्यापक फिलिप मॉर्गन व त्यांचे सहकारी यांनी ‘हेल्दी डॅड्स, हेल्दी किड्स’, म्हणजे निरोगी बाप, निरोगी मुले, या नावाचा कार्यक्रम आखला. त्याच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. तीत वजन प्रमाणाबाहेर वाढलेले ५३ वडील आणि त्यांची ५ ते १२ वर्षे वयाची ७१ मुले होती. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने कुटुंबांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला कार्यक्रम लगेच मिळाला, दुसऱ्याला नंतर.

वर्गात काय घडते

तीन महिन्यांच्या अवधीत प्रत्येकी ७५ मिनिटांची ८ सत्रे झाली. त्यांपैकी ५ केवळ वडिलांसाठी होती व ३ सत्रांना मुलेही बरोबर आली. वडिलांच्या सत्रांत आहार, वजन आणि चालण्याची मोजदाद यांबरोबरच बापाच्या वागणुकीचा मुलावर होणारा परिणाम हा विषय होता. मुलांसह होणाऱ्या सत्रांत प्रत्यक्ष खेळ होते, आणि त्यांचे स्वरूप जरा पाहण्यासारखे आहे.

त्यांतला एक भाग निव्वळ दंगामस्तीचा. बापाने गुडघ्यांवर बसावे आणि मुलाने त्याला ढकलून पाडण्याचा प्रयत्न करावा. मुलाने पाठीवर चढावे, बापाने त्याला अलगद खाली उतरवावे. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. परंतु अंगाला अंग भिडवून खेळताना मुलाला आपली ताकद आवरावी लागते, समोरच्याला लागले तर थांबावे लागते, आणि हरल्यावर रुसून न बसता पुन्हा उभे राहावे लागते. बापालाही कोठे जोर लावावा व कोठे मुद्दाम हार घ्यावी याचे भान ठेवावे लागते. ज्यांच्या घरी आजोबांनी नातवाला मांडीवर घेऊन कुस्तीचे डाव शिकवले असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही.

दुसरा भाग मूलभूत हालचालींचा, म्हणजे धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे, झेलणे, पायाने टोलावणे यांचा. ही कौशल्ये वयाबरोबर आपोआप येतात असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. चेंडू झेलण्यासाठी नजर त्यावर कशी ठेवावी, फेकताना विरुद्ध पाय पुढे का टाकावा, हे कोणीतरी दाखवावे लागते आणि पुष्कळ वेळा करून घ्यावे लागते. ज्या मुलाला हे जमत नाही ते मैदानावर कडेला उभे राहू लागते, आणि पुढे कडेलाच राहते.

या दोन्ही भागांमागील विचार साधा आहे. ‘तुमचे वजन वाढले आहे’ असे सांगून पुरुष वर्गाला येत नाही. ‘तुमचे मूल तुमच्याकडे पाहून शिकते’ हे त्याला पटते. मूल बापाला खेळायला ओढून नेते आणि बापाची हालचाल वाढते. बाप आपल्या पानात भाजी जास्त वाढून घेतो आणि मूल ते पाहते. एकाचा लाभ दुसऱ्याच्या लाभाला कारण होतो.

आकडे आणि त्यांचा अर्थ

सहा महिन्यांनंतर कार्यक्रमातील वडिलांचे वजन सरासरी ७.६ किलोग्रॅमने घटल्याचे आढळले, तर दुसऱ्या गटात फरक पडला नव्हता. मुलांची हालचाल वाढली होती व विश्रांतीच्या वेळची नाडीची गती उतरली होती. पुढे हाच कार्यक्रम विद्यापीठाबाहेर, हंटर खोऱ्यातील वस्त्यांत, स्थानिक प्रशिक्षित मार्गदर्शकांकडून चालविण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ९३ वडील व १३२ मुले होती, आणि १४ आठवड्यांनंतर दोन गटांच्या वजनांत पडलेला फरक ३.३ किलोग्रॅमच्या आसपास होता. मोजणीचा काळ दोन्ही चाचण्यांत सारखा नव्हता हे लक्षात घेऊनही, योजना राबविणाऱ्यांनी पहिल्यापेक्षा हा दुसरा आकडा अधिक जवळचा मानावा. तज्ज्ञांच्या हातून निघून गावच्या माणसांच्या हाती गेल्यावर कार्यक्रमाचा कस थोडा उतरतो. तरीही तो टिकतो, ही गोष्ट लहान नाही.

याच मंडळींनी पुढे वडील व मुली यांच्यासाठी निराळा कार्यक्रम केला. मुलींना चेंडूफळीच्या खेळांपासून लहानपणीच दूर ठेवले जाते, आणि बापानेच तिला फेकणे-झेलणे शिकवले तर ती अढी सुटू शकते, हा त्यामागील हेतू. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११५ वडील व ४ ते १२ वर्षांच्या १५३ मुली सहभागी होत्या. त्यानंतर ३ ते ५ वर्षांच्या बालकांसाठीही असाच प्रयोग १२५ वडिलांसह झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ साली पुढे आले. अंगणवाडीशी संबंध असणाऱ्यांना हा शेवटचा वयोगट विशेष महत्त्वाचा वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार ३ ते ४ वर्षांच्या बालकाने दिवसभरात किमान १८० मिनिटे निरनिराळ्या हालचालींत घालवावीत, आणि त्यांतील निदान ६० मिनिटे दमविणाऱ्या खेळाची असावीत.

सर्वत्र मात्र असे यश आले नाही. इंग्लंडमध्ये गरीब व विविध वंशांच्या वस्त्यांत हाच कार्यक्रम स्थानिक गरजांनुसार बदलून लावून पाहिला, तेव्हा पुष्कळ खटपट करून केवळ ४३ वडील नोंदले गेले. त्यांतलेही बरेच नियमित आले नाहीत. या स्वरूपात मोठी चाचणी घेणे व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष संशोधकांनीच २०२० साली प्रसिद्ध केला. हा प्रांजळपणा उल्लेखनीय आहे. बापाला दारापर्यंत आणणे हेच या कामातील सर्वांत कठीण काम असल्याचे त्यावरून कळते.

आपल्याकडील विचार

महाराष्ट्रात हा नमुना जसाच्या तसा उचलणे चुकीचे ठरेल. दिवसभर नांगरामागे चालणाऱ्या, पोती वाहणाऱ्या किंवा बांधकामावर पाट्या टाकणाऱ्या बापाला व्यायामाची शिकवण देणे म्हणजे थट्टाच होय. त्याच्यापाशी उणीव आहे ती मुलाबरोबरच्या वेळेची. याउलट तालुक्याच्या गावी कचेरीत, दुकानात वा वाहनावर बसून काम करणाऱ्यास दोन्ही गोष्टींची गरज आहे. एकाच गावात या दोन्ही प्रकारचे बाप असतात, म्हणून वजन उतरविणे हे उद्दिष्ट न ठेवता मुलांसमवेत खेळणे एवढेच उद्दिष्ट ठेवलेले बरे. तीव्र कुपोषित बालकाच्या बाबतीत मात्र उपचार व आहार आधी, खेळाचा वर्ग नंतर. त्याविषयी आरोग्य केंद्राचा सल्ला घेतलाच पाहिजे.

साधनांची अडचण फारशी नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि तिच्यातून ३ ते ६ वर्षांची मुले एकत्र येण्याचे ठिकाण गावोगावी तयार झालेले आहे. शाळेचे पटांगण, चिंध्यांचे चेंडू, दोरी व गोणपाट एवढ्यावर तासभराचा वर्ग होतो. मार्गदर्शक शक्यतो पुरुष, गावातलाच आणि खेळातला असावा : शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, तालमीतला वस्ताद किंवा कबड्डी मंडळातला जुना खेळाडू. अंगणवाडी सेविकेवर हे आणखी एक काम लादू नये. तिची कामे आधीच पुष्कळ आहेत.

वेळ ठरविताना सर्वांत अधिक विचार करावा लागेल. सकाळी दहाची सभा पुरुषांच्या सोयीची नसते. आठवड्याच्या बाजाराचा दिवस, ज्या दिवशी शेतातील काम लवकर आटोपते, त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचा तास योग्य. बोलावणे पंचायतीच्या सूचनाफलकावर न लावता मुलाच्या हाती द्यावे. चार वर्षांच्या मुलीने ‘बाबा, चला’ म्हटले तर नाही म्हणणे अवघड जाते. ज्यांचे वडील हयात नाहीत वा परगावी आहेत, त्यांच्यासोबत मामा, चुलते किंवा आजोबा यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ते मूल कडेला उभे राहणार नाही. मराठवाड्यातील ज्या गावांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, तेथे वर्गाचे आठवडे पाडव्यानंतर, माणसे परतल्यावर, मांडावे लागतील.