काच उतरवताना

आठ बाय सहा फुटांची, पाच एमएमची एक काच साधारण ५६ किलो भरते. हिशेब सोपा आहे: चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा सुचवली, ती ५५ किलोंची. म्हणजे एक अख्खी काचसुद्धा एकट्याने उचलायची वस्तू नाही. कर्जतसारख्या तालुक्याच्या गावात सरकत्या खिडक्या करून देणाऱ्या दुकानात अशा वीस काचा एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या, की अकराशे किलोंच्या वर भार झाला. तो पेलतो गावातल्याच वेल्डरने करून दिलेला लोखंडी स्टँड. दुकानदार काचेच्या भावावर तासभर घासाघीस करील. स्टँडचं माप मात्र बहुतेक वेळा ‘शेजारच्या दुकानात आहे तसं’ एवढंच सांगितलं जातं.

हे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, लोकलच्या स्टेशनचं नव्हे. बिल्टीवर जिल्हा ठळक लिहिलेला बरा, कारण सपाट काचेचा मोठा कारखाना तळोज्याला आहे आणि तिथून रायगडातलं कर्जत जवळ पडतं. आपल्या कर्जतला येणारा माल खंडाळ्याचा घाट चढून, पुणे ओलांडून, भिगवण-राशीनच्या रस्त्याने येतो किंवा नगरच्या व्यापाऱ्याकडून.

जुन्या वाड्यांच्या तावदानांना असला प्रश्न नव्हता. काच लहान असायची, पेंढा भरलेल्या लाकडी पेटीतून यायची. इंग्लंडमध्ये अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथिलावर काच तरंगवण्याची पद्धत काढली, १९५९ साली ती जाहीर झाली आणि काचेच्या आकाराला धरबंद राहिला नाही. आज कारखान्यातून निघणारी जंबो शीट सहा मीटर लांब आणि ३.२१ मीटर रुंद असते. सहा एमएमची असेल तर एकटी पावणेतीनशे किलोंच्या वर. ती आडवी रचता येत नाही. काच दाब भरपूर सोसते, वाकणं सोसत नाही. आडव्या थप्पीत एखादा खडा राहिला तरी वरचा सगळा भार त्या एका टोकावर येतो. म्हणून काच धारेवर उभी करायची आणि किंचित मागे टेकवायची.

किंचित म्हणजे किती, यावर सगळं अवलंबून आहे. जगभरचे काचवाले तीन ते सहा अंश धरतात. वेल्डरला अंश सांगून उपयोग नाही. ओळंबा लावून सांगावं, की मीटरभर उंचीला पाठ दहा सेंटिमीटर मागे गेली पाहिजे. ते झाले जवळपास सहा अंश. पाच सेंटिमीटर गेली तर तीनच. फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. वीस काचांचा गठ्ठा एकसंध धरला, तर तीन अंशांवर तो वरच्या कडेला २९ किलोंच्या ओढीने पुढे येतो. सहा अंशांवर त्यासाठी सुमारे ५८ किलो लागतात. एक काच काढताना तिच्यामागची चिकटून आली, तर २९ किलोंची ओढ सहज लागते.

त्याच्या पुढचे आकडे भयंकर आहेत. गठ्ठा ओळंब्याच्या पुढे दहा अंश झुकला, की वरच्या कडेला थोपवायला ९८ किलोंचा जोर हवा. वीस अंशांवर दोनशे, तीस अंशांवर सव्वातीनशे. पहिल्या क्षणी दोघांना तो धरता येईलसं वाटतं, म्हणून दोघं धावतात. पुढच्या क्षणी चौघांनाही तो आवरत नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी, पुण्याजवळ येवलेवाडीत काचेचा माल गाडीतून उतरवताना तो कोसळून चार कामगार गेले. काचेने माणूस कापतो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. काच माणसाला चिरडते, हे काम करणाऱ्यालाही पुरेसं ठाऊक नसतं.

माझ्या मते स्टँड निवडताना भरलेल्या स्टँडकडे पाहूच नये. भरलेला, पट्ट्यांनी आवळलेला स्टँड सहसा कुणाला मारत नाही. पाहायचा तो अर्धा रिकामा स्टँड, पट्टे सोडलेला. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा दुतर्फा स्टँड टेम्पोवाल्यांना आवडतो, कारण दोन्ही बाजूंचा भार एकमेकांना तोलतो. पण गिऱ्हाईकाची काच नेमकी एकाच बाजूला असते. ती बाजू उतरवली, की दुसरीकडचे पाचशे किलो स्टँडलाच उलथवू पाहतात. स्टँडचे पाय काचेच्या गठ्ठ्याच्या पुरेसे बाहेर आलेले हवेत, किंवा स्टँड हौद्याला बोल्टने पक्का केलेला हवा. राशीनच्या यमाईच्या देवळातल्या दीपमाळा हलवल्या की हलतात आणि लोक कौतुकाने बघतात. काचेच्या स्टँडने तसलं कौतुक करून घेऊ नये. दुकानात जागा असेल तर भिंतीत पक्का केलेला एकतर्फी स्टँड केव्हाही सरस. भिंतही खरीखुरी हवी, पत्र्याची नव्हे.

जमिनीचा हिशेब तर कुणी धरतच नाही. टेम्पो दुकानासमोर उभा करताना एका बाजूची चाकं साइडपट्टीवर उतरतात. दोन चाकांमधलं अंतर पावणेदोन-एक मीटर. त्यात दहा सेंटिमीटरचा उतार पडला, की गाडी तीन अंशांनी कलली. तीन अंशांच्या स्टँडवर उताराकडच्या बाजूची काच आता ठार उभी आहे, आणि ड्रायव्हर खाली उतरून पट्टे सोडतो आहे. म्हणून गाडीवरचा स्टँड सहा अंशांचाच असावा, आणि पट्टा सोडण्याआधी ओळंबा लावावा. काचेची पातळ धार प्रवासाच्या दिशेला असावी, म्हणजे ब्रेकचा हिसका पाठीवर येत नाही. नारळाची दोरी ओझ्याखाली ताणते. रॅचेटचा पट्टा घ्यावा. मोटारसायकलवर मागे बसून मांडीवर काच धरणाऱ्यांविषयी काय लिहावं!

बुडाकडेही लक्ष हवं. पाठ जितकी कलते तितकाच बुडाचा आधार उचलून पाठीशी काटकोन साधावा लागतो, नाहीतर सगळा भार काचेच्या एका कडेवर येतो. हे वेल्डरला गुण्या लावून दाखवावं. लोखंड आणि काच कुठेच भेटू नयेत. मध्ये जाड रबर हवं. जुनं गोणपाट नको, ते ओल धरतं. कर्जत पर्जन्यछायेतलं, तेव्हा ओलीची काय चिंता, असं वाटेल. पण दोन काचांच्या फटीत थंडीतल्या पहाटेचं दवसुद्धा पुरतं. पाणी काचेतला सोडियम ओढून घेतं, स्वतः क्षारीय होतं आणि मग काचेलाच खातं. इंद्रधनुषी डाग पडतात. जुने झाले की पुसून निघत नाहीत. कारखाने काचांमध्ये बारीक पावडर घालतात, ती याचसाठी. दुकानात कोरडा कागद चालतो. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ उडते, तिच्यातला वाळूचा कण काचेहून कठीण असतो. म्हणून स्टँड दारापासून आत असावा.

तीन-चार माणसांच्या दुकानाला कारखान्यांचा कायदा लागत नाही. निरीक्षक येणार नाही. स्टँडवर ‘इतके किलो’ असं रंगवायचं, तर ते दुकानदारालाच वेल्डरकडून विचारून घ्यावं लागेल, आणि काचेच्या उंचीएवढ्या अंतरात समोर कुणी उभं राहायचं नाही, ही रेघ फरशीवर त्यालाच ओढावी लागेल. सहा फुटी काचेसाठी सहा फूट. बहुतेक दुकानांत नेमक्या त्या जागेत कापायचं टेबल असतं. आधी टेबल हलवावं. मग उरलेल्या तुकड्यांसाठी उभ्या कप्प्यांची वेगळी मांडणी करावी. ते तुकडे सध्या दाराच्या मागे, भिंतीला नुसते टेकवलेले असतात.