आजोबांची गुप्त मोहीम

दिवाळीची सुटी लागली म्हणजे परगांवीं नोकरीस असलेल्या मुलांचीं बिऱ्हाडें मूळ घरीं येतात आणि चार दिवस वाडा भरून जातो. फराळ होतो, फटाके होतात, भाऊबीज होते, आणि मग सहाव्या-सातव्या दिवशीं नातवंडांच्या तोंडून तो प्रश्न बाहेर पडतो, ज्याची घरांतील वडील माणसें मनांतून धास्तीच घेऊन बसलेलीं असतात : "आतां काय करायचं?"

हल्लीं या प्रश्नास एक ठरीव उत्तर झालें आहे. मुलांना मोटारींत घालून एखाद्या तिकिटाच्या करमणुकीच्या जागीं न्यावयाचें. तेथें त्यांना दोरीस बांधून दरीवरून सोडतात, पाण्याच्या घसरगुंडीवरून लोटतात, आणि त्यास साहस असें नांव देतात. मुलें किंचाळतातही. परंतु दोरी तुटावयाची नाहीं हें त्यांना पक्कें ठाऊक असतें, आणि पलीकडे सांपडावयाचें असें कांहींच नसतें. आमच्या मतें साहसास दोनच गोष्टी लागतात. एक, खरोखरीच दडून बसलेली एखादी वस्तु. आणि दुसरी, ती कोठें आहे हें जाणूनही तोंड मिटून बसणारें एखादें वडील माणूस. या दुसऱ्या कामास आजोबांइतकें लायक माणूस घरांत नाहीं. बापाला वेळ नसतो, आणि आईचा जीव राहत नाहीं.

त्र्यंबकेश्वरासारख्या गांवीं तर आजोबांना फारशी कल्पना लढवावयाचीही गरज नाहीं. तेथील नदीच मुळीं लपंडाव खेळणारी. गौतम ऋषींच्या तपश्चर्येनें शंकरांनीं ब्रह्मगिरीवर जटा आपटून गंगा खालीं आणली, पण ती एका जागीं ठरेना; येथें दिसावी, तेथें गुप्त व्हावी. अखेर गौतमांनीं कुश अंथरून तिला अडविलें, तें कुशावर्त. पोथींतल्या या कथेचा आणि प्रत्यक्ष डोंगराचा मेळ मात्र मोठा सुरेख बसतो. डोंगर काळ्या दगडाचा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हाच्या थरांवर थर सांचून झालेला. पावसाचें पाणी भेगांतून आंत उतरतें, घट्ट थर लागला कीं आडवें वळतें, आणि भलत्याच ठिकाणीं कड्याच्या पोटांतून झरा होऊन बाहेर येतें. म्हणून गोदावरी एकदां माथ्यावर दिसते, मग अर्ध्या चढणीवर गंगाद्वारीं, आणि मग गांवांत कुशावर्तांत.

मुलें आणि साहस यांचा तर या डोंगराशीं जुनाच संबंध आहे. विठ्ठलपंत बायकामुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असतां वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली, आणि लहानगे निवृत्तिनाथ वाट चुकून गहिनीनाथांच्या गुहेंत शिरले, असें परंपरा सांगते. त्या वेळीं आईबापांच्या जिवाची काय अवस्था झाली असेल ती असो. मुलगा वाट चुकला नसता तर ज्ञानेश्वरांना गुरु कोठून मिळता?

आमच्या परिचयाच्या एका त्र्यंबककर कुटुंबांत गेल्या दिवाळींत घडलेली मोहीम येथें सांगावीशी वाटते. आजोबा सत्तरी ओलांडलेले; गुडघ्यांनीं केव्हांच राजीनामा दिलेला. नातवंडें चार. थोरली नात तेरा वर्षांची, तिच्या पाठचे दोघे मुलगे, आणि शेंडेफळ सात वर्षांचें. या धाकट्यानें आल्या दिवशींच विचारलें, "आजोबा, गोदावरी त्र्यंबकला उगम पावते असं पुस्तकांत आहे. मग नदी कुठं आहे?"

प्रश्न रास्त होता. गांवांतून जातांना नदीचें पात्र बऱ्याच ठिकाणीं सिमेंटच्या स्लॅबखालीं झांकलेलें आहे. वरून माणसें आणि वाहनें जातात. नवख्या मुलाला नदी दिसावी कशी? आजोबांनीं उत्तर दिलें नाहीं. नुसते हसले आणि पानाचा डबा जवळ ओढला.

तिसऱ्या दिवशीं थोरलीनें आजीला तांदूळ काढून द्यावयास डबा उघडला, तों आंत एक चिठी निघाली. मुलांना ती प्रथम नक्षीच वाटली. कारण ती मोडींत लिहिलेली होती. ज्या लिपींत पेशव्यांचा सारा कारभार चालला, आणि जी १९५० च्या सुमारास आमच्या शाळांतून गेली, ती आज घरच्याच माणसांना परकी झाली आहे. आजी मात्र ती आपल्या वडिलांपाशीं शिकलेली. तिनें अक्षरांचा तक्ता काढून दिला, पण फुकट नव्हे. बदल्यांत पायलीभर भुईमुगाच्या शेंगा फोडून घेतल्या. दोन संध्याकाळीं चौघांचीं डोकीं एकत्र झालीं, तेव्हां मजकूर लागला तो असा : "गौतमांनीं अडविलेली गंगा आपल्या गांवांत पुन्हां हरवली आहे. ती कोठें दिसते, कोठें बुडते, कोठें वर येते, हें शोधून पुराव्यासह कळवावें. मोठ्या माणसांस विचारणें नाहीं."

येथें घरांत थोडा वाद झाला. डोंगर, कडे, माकडें. मुलें एकटीं कशीं जाणार, असें सूनबाईंचें म्हणणें, आणि तें अगदीं बरोबर होतें. आजोबांनीं तोड काढली. आदल्या दिवशीं धाकट्या मुलाला पाठवून वाट पाहून घेतली, आणि मोहिमेच्या दिवशीं त्यालाच पन्नास पायऱ्या अंतर ठेवून मागें राहावयास सांगितलें. संकटावांचून त्यानें तोंड उघडावयाचें नाहीं. "मुलं एकटीं जात आहेत असं त्यांना वाटूं द्या," ते सुनेला म्हणाले, "एकटीं जाऊं देऊं नका." या एका वाक्यांत जी अक्कल आहे, ती बालसंगोपनावरील पुष्कळ पुस्तकांत आम्हांस आढळली नाहीं.

सकाळीं सातला दशम्या, गूळ आणि एक तांब्या घेऊन स्वारी निघाली. गंगाद्वारापर्यंतच्या पायऱ्या ७५० च्या आसपास सांगतात, पण चौघांच्या मोजणींत चार आंकडे आले आणि त्यावरून रस्ताभर भांडण झालें. मधल्याच्या हातची दशम्यांची पुरचुंडी एका माकडानें इतक्या शिताफीनें नेली कीं, काकाला मागें राहून हसूं आवरतांना पंचाईत पडली. गंगाद्वारीं गोमुखाखालीं तांब्या धरून तो भरेपर्यंत मुलांनीं मोठ्यानें अंक मोजले. एवढीशी धार! हीच नदी पुढें १४६५ किलोमीटर जाते, हें धाकट्याला कांहीं केल्या पटेना. आदल्या रात्रीं आजोबांनीं ओसरीवर रांगोळीनें नकाशा काढून दाखविला होता : पश्चिमेचा समुद्र येथून अवघा ८० किलोमीटर, परंतु ही बाई त्याला पाठ दाखवून पूर्वेस निघते, आणि नाशिक, पैठण, नांदेड करीत बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते.

वाचकांपैकीं कोणास असें कांहीं करावयाचें असेल त्यांनीं ऋतूचा विचार अवश्य करावा. पावसाळ्यांत पायऱ्या शेवाळतात, आणि श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं तर फेरीची अफाट गर्दी असते. मे महिन्यांत पाणी रोडावलेलें. दिवाळीचा काळ सर्वांत चांगला. दुर्गभांडाराकडील अरुंद कड्यावर मुलांना मुळींच जाऊं देऊं नये. बाकी त्र्यंबकच पाहिजे असें नाहीं. कोणाच्या गांवीं गढी असेल, कोणाच्या बुजलेली बारव. कांहींतरी हरवलेलें प्रत्येक गांवांत असतेंच.

दुपारीं चौघें कुशावर्तावर आलीं, आणि खरी मोहीम तेथून पुढें सुरू झाली. कुंडाच्या पुढें नदी कोठें गेली? मधल्याला रस्त्याच्या कडेला एक फट सांपडली. त्यानें तेथें आडवें पडून कान लावला आणि ओरडला, "आहे! वाहते आहे!" जाणारे येणारे थांबून पाहूं लागले. मग एक जण कान लावी, दुसरा पुढली फट शोधी. अशा रीतीनें त्यांनीं नदीचा माग गांवाबाहेरपर्यंत काढला, आणि जेथें ती पुन्हां उजेडांत येते तेथें जाऊन पोंचलीं.

घरीं आल्यावर आजोबांनीं पेटींतून एक वही काढली. त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या वह्या ठेवतात. घराण्यांतील कोण केव्हां येऊन गेला तें त्यांत त्याच्याच हस्ताक्षरांत नोंदलेलें असतें, आणि पणजोबांची सही पाहून यात्रेकरूंचे डोळे पाणावतात. त्याच धर्तीवर आजोबांनीं मोहिमेची वही केली होती. प्रत्येकानें तिथि, पाहिलेलें आणि पुरावा लिहावयाचा व खालीं सही करावयाची. थोरलीनें लिहिलें : "नदी गांवाबाहेर वर येते. पुरावा म्हणून पाणी आणावयाचें होतें. आणलें नाहीं. हात घालवेना." २०१५ च्या सिंहस्थांत ज्या नदीसाठीं लाखों यात्रेकरू आले, तिच्याविषयीं हा तेरा वर्षांच्या मुलीचा दाखला. आजोबांनीं तो दोनदां वाचला आणि वही मिटली नाहीं. उलट तिचें पहिलें पान उघडून मुलांपुढें ठेवलें.

त्या पानावर १९८९ सालची नोंद होती, वेड्यावांकड्या अक्षरांत : "पायऱ्या ७३८. माकडानें टोपी नेली. गांवांत नदींतल्या दगडांवरून उड्या मारीत पलीकडे गेलों. एकदां पाय घसरला. आईला सांगूं नये." खालीं सही थोरलीच्या वडिलांची, वय वर्षें नऊ.

टोपीवरून खूप हशा पिकला. आजींनीं छत्तीस वर्षांनंतर मुलाकडे रोखून पाहिलें. मग थोरलीनें विचारलें, "बाबा, ते दगड कुठले?" दिवाळींतही ज्यांच्या हातून फोन सुटला नव्हता, ते गृहस्थ उठले, पायांत चपला सरकविल्या आणि मुलांना घेऊन बाहेर पडले. अंधार पडेपर्यंत ते त्या रस्त्यावर इकडून तिकडे हिंडले. हें वळण असावें, नाहीं, तें पलीकडचें, असें चाललें होतें. जागा त्यांना नक्की सांगतां आली नाहीं. येतांना ते कोणाशीं बोलले नाहींत. मात्र रात्रीं त्यांनीं ती वही मागून घेतली आणि आपल्या जुन्या नोंदीखालीं दोन ओळी लिहिल्या. त्या ओळी मुलांना वाचतां आल्या नाहींत, कारण त्या मोडींत होत्या.

पुढील सुटीसाठीं आजोबांनीं वैतरणा योजून ठेवली आहे. तीही याच डोंगरांत उगम पावते, पण वाट धरते पश्चिमेची. मध्यंतरीं पौष महिन्यांत त्यांना टपालानें एक पत्र आलें. अक्षर मोडी, कांहीं ठिकाणीं चुकलेलें, पण लागत होतें. "आपली एक वस्तु आम्ही जातांना वाड्यांत लपवून ठेवली आहे. मोठ्या माणसांस विचारणें नाहीं." शेवटीं खूण दिली आहे ती माळ्यावरची निघाली. आजींनीं शिडी लावूं देण्यास साफ नकार दिला असून, आजोबा गेले चार दिवस काठीनें माळ्याची कड ठोकून पाहत आहेत.