गाडी गेली, नाव राहिले

जुन्या मोटारीच्या खासगी विक्रीत पैसे आणि किल्ली यांची देवघेव एका दुपारी उरकते. विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी मात्र परिवहन खात्याच्या नोंदीत खरेदीदाराचे नाव चढेपर्यंत त्याच्या माथी राहते. या दोन घटनांमध्ये कधी आठवडे जातात, कधी वर्षे, आणि त्या मधल्या काळात गाडीकडून जे काही घडते त्याचा हिशेब जुन्या मालकाकडे मागितला जातो. दुर्ग जिल्ह्यातील भिलाईजवळच्या उतईसारख्या गावात हा प्रश्न विशेष जाणवण्याजोगा आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे अनेक राज्यांतील कुटुंबे या परिसरात आली आणि उतईला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे बदली, निवृत्ती आणि गावाकडे परतणे हा येथील जीवनाचा नेहमीचा भाग असून, त्या प्रत्येक वेळी घरातली मोटार न्यायची की विकायची हा प्रश्न उभा राहतो.

गोंधळाचे मूळ 'मालकी' या कल्पनेच्या दोन वेगळ्या अर्थांत आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार जंगम वस्तूची मालकी, दोन्ही पक्षांचा तसा हेतू असेल तेव्हा, करारानेच हस्तांतरित होते आणि त्यासाठी सरकारी नोंदीची वाट पाहावी लागत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मात्र कलम २ च्या ३० व्या खंडात, ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तोच 'मालक' अशी व्याख्या करतो. त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यातील व्याख्येत नोंदणीला हे स्थान नव्हते. नव्या व्याख्येमागचा विचार सरळ आहे: रस्त्यात जखमी झालेल्या माणसाला किंवा मृताच्या वारसांना गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरण्याची वेळ येऊ नये, त्यांना नोंदीत एक निश्चित नाव सापडावे. म्हणजे गाडी कोणाची हा विक्रेता आणि खरेदीदार यांच्यातील प्रश्न आणि अपघाताची भरपाई कोणी द्यायची हा तिसऱ्या माणसाचा प्रश्न, या दोहोंची उत्तरे एकाच दिवशी वेगवेगळी असू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात ही भूमिका स्पष्ट केली. त्या प्रकरणातील मोटार नोंदणीकृत मालकाने २००७ मध्ये विकली, पुढे ती हातोहात चौथ्या माणसापर्यंत पोहोचली आणि मे २००९ मध्ये तिच्या अपघातात एका मुलाचा मृत्यू झाला. गाडीचा विमा नव्हता आणि इतके हात बदलूनही नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर होती. उच्च न्यायालयाने शेवटच्या ताबेदाराला जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली. विक्रीनंतर दोन वर्षांनी घडलेल्या अपघातासाठी, जी गाडी आपण चालवत नव्हतो तिच्यासाठी, पैसे मोजण्याची पाळी त्या माणसावर आली. हे कठोर वाटते. तरीही मुलगा गमावलेल्या कुटुंबाला चार दारे ठोठावायला लावण्यापेक्षा हाच न्याय अधिक योग्य आहे.

हेच तत्त्व छत्तीसगडमधील एका प्रकरणात विक्रेत्याच्या बाजूने उभे राहिले. सुरेंद्र कुमार भिलावे यांनी २००८ मध्ये आपला ट्रक विकण्याचा करार केला होता, पण नोंदणी त्यांच्याच नावावर राहिली आणि पुढचा विमाही त्यांच्याच नावावर निघत गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये रायपूरहून धनबादकडे निघालेल्या त्या ट्रकला अपघात झाला, तेव्हा ट्रक आधीच विकला गेला असल्याचे कारण देऊन विमा कंपनीने दावा नाकारला. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नोंदणी ज्याची तोच मालक, हे सूत्र कंपनीलाही लागू केले आणि तिला जबाबदारी टाळू दिली नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की एक व्यावहारिक गोष्ट ठळक होते: नाव बदलेपर्यंत गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे अपघातात सापडलेल्या इतरांची भरपाई देणारा विमा, खंडित होऊ न देणे हे विक्रेत्याच्याच हिताचे आहे.

नाव बदलण्याची रीत कलम ५० मध्ये आहे. व्यवहार एकाच राज्यातला असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला हस्तांतर कळवायचे आणि त्या कळवण्याची प्रत खरेदीदाराला द्यायची. खरेदीदाराने आपल्या बाजूने ३० दिवसांच्या आत कळवायचे. विक्रेत्याचे कळवणे नमुना २९ मध्ये असते आणि दोघांच्या सह्यांचा हस्तांतराचा अर्ज नमुना ३० मध्ये. नमुना २९ हा लहानसा कागद काळजीने वाचण्यासारखा आहे. त्यात विक्रीची तारीख, गाडीचा क्रमांक, बनावट, चासी व इंजिन क्रमांक आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता यांसाठी जागा असते, आणि गाडी सुपूर्दनाम्यावरची नाही, म्हणजे पोलिसांनी जप्त करून हमीवर परत दिलेली नाही, तसेच तिच्यावर कोणताही बोजा नाही, असे विक्रेत्याचे निवेदन असते. अडचण अशी की प्रत्यक्षात हा कागद बहुधा कोराच सही करून दिला जातो. गाडी पुढे विकण्यासाठी घेणारा दलाल आपले नाव नोंदीत येऊ देत नाही. तारीख आणि खरेदीदाराची जागा रिकामी ठेवून तो सह्या घेतो आणि नवे गिऱ्हाईक मिळेल तेव्हा त्या जागा भरतो. तोवर गाडी कोणाच्या हाती आहे हे विक्रेत्याला ठाऊक नसते, आणि वाहतुकीचे चलान, पोलिसांची चौकशी किंवा अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्याचा गुन्हा यांची पहिली विचारणा त्याच्याच दारी येते. अल्पवयीन चालकाच्या बाबतीत २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगते. गुन्हा आपल्या नकळत झाला हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. म्हणून कोऱ्या कागदावर सही देऊ नये, खरेदीदार कितीही ओळखीचा असला तरी देऊ नये. तारीखच नव्हे तर गाडी सोपवल्याची वेळही लिहिलेली, दोघांच्या व साक्षीदारांच्या सह्या असलेली ताबा पावती आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी. ही पावती अपघातग्रस्तापुढे विक्रेत्याला सोडवत नाही, पण पोलीस चौकशीत आणि खरेदीदाराकडून पैसे वसूल करताना तीच उपयोगी पडते.

दुर्ग कार्यालयात नोंदलेली, 'सीजी ०७' क्रमांकाची गाडी नागपूर किंवा गोंदियाच्या खरेदीदाराला विकायची असेल तर काम वाढते. कलम ४८ खालील ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ भरून मूळ कार्यालयाकडून मिळवावे लागते आणि परराज्यातील व्यवहारासाठी विक्रेत्याला ४५ दिवसांची मुदत असते. थकीत कर आणि चलाने भरल्याशिवाय हे प्रमाणपत्र सहसा मिळत नाही. ते हाती आले म्हणजे नाव उतरले, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्रातील कार्यालयात नवी नोंद होईपर्यंत जुने नाव कायम असते.

गाडी कर्जावर घेतलेली असल्यास नमुना ३५ देऊन आधी बोजा, बोलीभाषेत 'एचपी', उतरवावा लागतो. कर्ज फिटले तरी आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, बँकेचे नाव आपोआप जात नाही. विम्याबाबत कलम १५७ थर्ड पार्टी संरक्षण खरेदीदाराकडे गेले असे मानते, पण त्याने १४ दिवसांत विमा नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायला हवा, कारण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई आपोआप त्याच्याकडे जात नाही. दावा न केल्याबद्दल मिळणारी 'नो क्लेम' सवलत मात्र विक्रेत्याची असते. तिचे प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत ती नव्या गाडीला लावता येते. फास्टॅग बंद करावा. दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोख घेऊ नये. आयकर कायद्यात त्यासाठी तेवढ्याच रकमेचा दंड आहे.

दलालांच्या प्रश्नावर केंद्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून एक उपाय लागू केला आहे. जुन्या गाड्यांच्या, परिवहन खात्याने अधिकृत केलेल्या व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना नमुना २९सी मध्ये ऑनलाइन दिली की तो व्यापारीच मालक मानला जातो. ही सोय उत्तम आहे. गाडी दलालाला देणाऱ्याने त्याचे अधिकारपत्र आधी पाहावे आणि ते नसल्यास व्यवहार करू नये.

ज्यांनी गेल्या काही वर्षांत मोटार किंवा दुचाकी विकली आहे, त्यांनी एमपरिवहन ॲपवर जुना क्रमांक टाकून पाहावा. तेथे मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली असतात, तरी आपले नाव ओळखू येते. ते अजून तेथे असेल तर विक्रीच्या पुराव्यासह नोंदणी कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, खरेदीदाराला रजिस्टर पत्र पाठवावे, आणि त्या गाडीचा विमा आज चालू आहे की नाही याची चौकशी त्याच दिवशी करावी.