इंजेक्टर नवा, तरी इंजिन बंद: दोष शोधायचा कुठे?

इंजेक्टर बदलून झाले, सेल्फ मारताच गाडी सुरू झाली, केबिन खाली घेतली, हिशेब मिटला. गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर पडते न पडते तोच इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं. पुन्हा सेल्फ मारला की दहा-वीस सेकंद चालतं, पुन्हा बंद. मालकाचा संशय नव्या इंजेक्टरवर जातो, फिटरचा पंपावर. दोन्ही संशय महागात पडणारे आहेत, आणि पुष्कळदा दोन्ही चुकीचे ठरतात.

बीड जिल्ह्यात ही गोष्ट थेट घरखर्चाशी येऊन भिडते. बीड शहरात रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर शहरातली कापूस, सोयाबीन, सिमेंट, खत, सगळी ने-आण रस्त्यानेच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन गाड्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख हायवा टिपरांमधून वाहिली जाते. ऐन हंगामात उभी राहिलेली गाडी म्हणजे बुडालेल्या खेपा. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

पहिला गैरसमज हाच की नव्या इंजेक्टरनंतर गाडी बंद पडते, म्हणजे इंजेक्टरच डुप्लिकेट. डुप्लिकेट माल बाजारात आहे, हे खरं. पण जुन्या धाटणीच्या, इनलाइन पंपाच्या सहा सिलिंडर इंजिनात एक इंजेक्टर पूर्ण निकामी झाला तरी उरलेले पाच सिलिंडर इंजिन ओढत राहतात. गाडी मिसिंग करते, धूर टाकते, चढाला दमते. सहसा बंद पडत नाही. सहाही सिलिंडर एकदम मुके होतात तेव्हा कारण सहाही सिलिंडरांना सामाईक असणार, म्हणजे डिझेलचा पुरवठा. इंजेक्टर काढताना हाय प्रेशर पाइप सुटतात, रिटर्न लाइन सुटते, बँजो बोल्ट आणि तांब्याचे वॉशर हलतात, जमलं तर त्याच वेळी फिल्टरही बदलला जातो. हात जिथे जिथे लागला, तपास तिथूनच सुरू करायला हवा.

"कुठेही डिझेल गळत नाही, मग एअर कुठून धरेल?" हा प्रश्न प्रत्येक गॅरेजात ऐकू येतो, आणि सगळ्यात जास्त दिवस हाच वाया घालवतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. चिरलेल्या नळीने उसाचा रस ओढला तर रस बाहेर सांडत नाही, हवाच तोंडात येते. इथेही तेच घडतं. पाइपाला बाहेरून थेंब दिसत नाही आणि आत बुडबुडे जात राहतात. फिल्टरमध्ये साठलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चालतं, हवेचा गठ्ठा पंपापर्यंत पोचला की बंद पडतं. थोडं चालून बंद पडण्याचं कोडं बहुतेक वेळा इथे सुटतं.

याची परीक्षा स्वस्त आहे. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडायची आणि इंजिन चालू असताना उजेडात पाहायचं. सुरुवातीला अडकलेले चार बुडबुडे निघून गेले तर हरकत नाही. बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल, तर हवा मागून येते आहे. मग स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल भरायचं, कॅन पंपाच्या वर टांगायचा आणि टाकीची लाइन सोडून त्यातूनच पुरवठा द्यायचा. आता इंजिन एकसारखं चाललं, तर दोष टाकी ते पंप या टप्प्यातच आहे: टाकीतल्या उभ्या नळीची चीर, जाळीतला गाळ, कडक झालेला रबरी पाइप, नीट न बसलेली फिल्टरची रिंग. टाकीचं झाकण उघडताना सुस्स आवाज येत असेल, तर झाकणाचं श्वासछिद्र धुळीने बुजलेलं असतं. टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि गाडी काही किलोमीटर नीट चालून दम सोडते. राखेच्या वाहतुकीतल्या गाडीत ही शक्यता आधी तपासावी. त्याला पैसाही लागत नाही.

कॅनवरही गाडी बंद पडली, तर इनलाइन पंपाच्या गाडीत आणखी एक जागा पाहायची. पंपावरून रिटर्न जिथे निघतो तिथे स्प्रिंगचा ओव्हरफ्लो वाल्व असतो. तो दिसतो साध्या बँजो बोल्टसारखा. घाईत तिथे साधा बोल्ट लागला, तर पंपाच्या गॅलरीत दाब टिकत नाही, डिझेल सरळ टाकीकडे परत जातं, आणि सगळे भाग नवे असूनही इंजिन लोडवर मरतं.

पुढचा गैरसमज जीवावर बेतणारा आहे. जुन्या इंजिनात एअर काढायला हाय प्रेशर पाइपाचे नट ढिले करून सेल्फ मारतात, डिझेलची धार आली की नट आवळतात. ती सवय हातात बसलेले फिटर कॉमन रेल इंजिनातही, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक रेलमधून दाबाचं डिझेल मिळतं त्या इंजिनातही, तेच करायला जातात. जुन्या इंजेक्टरचं नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडायचं. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बारच्या वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत सोडते. बाहेरून टाचणी टोचल्याइतकी खूण दिसते, आत ऊती मरत जातात. अशा वेळी मलमपट्टी करून कामाला लागू नये. तासाभराचाही उशीर न करता शल्यचिकित्सकाकडे पोचावं. जिल्ह्यात त्यासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे "हाय प्रेशर डिझेल घुसलंय" असं स्पष्ट शब्दांत सांगावं, कारण जखम पाहून अंदाज येत नाही.

कॉमन रेलमध्ये एअर काढायचं ते कमी दाबाच्या बाजूने, हँड प्रायमर मारून. प्रायमर घट्ट लागेपर्यंत मारायचा, मग थांबून थांबून सेल्फ. सेल्फ सलग अर्ध्या मिनिटाहून जास्त दाबून धरला, तर इंजेक्टरच्या खर्चात स्टार्टरचा खर्च वाढतो.

गाडी कोणत्या जातीची, हे नुसत्या सालावरून ठरवू नये. ट्रकसाठी कॉमन रेल १९९५ मध्ये जपानच्या डेन्सोने बाजारात आणली. भारतात १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हे प्रदूषण मानक लागू झालं आणि बहुतेक ट्रक कॉमन रेलवर गेले. अशोक लेलँडने मात्र बीएस-४ च्या अनेक गाड्यांत इनलाइन पंप टिकवला. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर तोही गेला. म्हणून २०१८ ची गाडी समोर आली की आधी पंप आणि रेल डोळ्यांनी पाहावी, मगच पाना हातात घ्यावा.

कॉमन रेलमध्ये मात्र एकटा इंजेक्टर सहाही सिलिंडर बंद पाडू शकतो. एका इंजेक्टरमधून रिटर्नला जास्त डिझेल परत जाऊ लागलं की रेलचा दाब कोसळतो. साधारण २०० ते ३०० बारच्या खाली ईसीएम (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर उघडायचा हुकूमच देत नाही. इंजिन गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, गळती वाढते. म्हणून थंड गाडी चालते आणि ढाब्यावर थांबलेली गरम गाडी पुन्हा सुरू होत नाही.

इथे नवा इंजेक्टर निर्दोष असूनही बसवण्यात घोळ होतो. टाटाच्या कित्येक ट्रकमध्ये असलेल्या कमिन्स आयएसबीई इंजिनात इंजेक्टर हेडमध्ये उभा बसतो आणि बाजूने एक आडवी जोडनळी येऊन त्याच्या शंकूत टेकते. इंजेक्टर आणि नळी दोन्ही आधी हलके धरायचे, मग इंजेक्टर ठरलेल्या टॉर्कला, शेवटी नळीचा नट. इंजेक्टर आधीच पक्का आवळला, तर नळी तिरकी टेकते, आणि हाय प्रेशर डिझेल हेडच्या आतल्या आत रिटर्नमध्ये जातं. बाहेर थेंबही दिसत नाही. ज्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगळा निघतो, तिथे सहा सारख्या बाटल्या लावून मोजता येतं. आयएसबीईत तो सामाईक असतो, म्हणून रेलवरचं एकेक तोंड खास टोपीने बंद करून, कोणतं बंद केल्यावर दाब चढतो ते पाहतात.

"जुना तांब्याचा वॉशर चालतो" हाही असाच समज. एकदा दबलेला वॉशर पुन्हा तसा बसत नाही. कित्येकदा जुना खाली चिकटून राहतो आणि त्यावर नवा चढतो, मग इंजेक्टरची उंचीच बदलते. सील गेलं की जळालेला वायू वर येतो; हेडमधून रिटर्न जाणाऱ्या इंजिनात तो डिझेलमध्येही मिसळतो. मग टाकीत परत पडणाऱ्या रिटर्नमध्ये फेस दिसतो, आणि मालक विनाकारण टाकीकडचे पाइप बदलत बसतो.

नवा फिल्टर काठोकाठ डिझेलने भरून बसवण्याची पद्धतही कॉमन रेलमध्ये सोडावी लागते. मधल्या छिद्रातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपाकडे जातं. नोझलची छिद्रं मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांश भागाएवढी. तेवढी जागा अडवायला धुळीचा एक कण पुरतो. त्याच कारणाने टाचणी किंवा तारेच्या ब्रशने नोझल साफ करणं म्हणजे ते फेकून देण्याची तयारी.

कोड टाकण्याबद्दल दोन टोकाची मतं आहेत. इंजेक्टरवर कोरलेला दुरुस्ती कोड ईसीएममध्ये भरला नाही, तर आयडलिंग हलतं, ठोके येतात, धूर येतो. तो भरायलाच हवा. पण एकसारखी बंद पडणारी गाडी कोड भरल्याने सुधारेल, ही आशा फोल ठरण्याचीच शक्यता जास्त. स्कॅनरचंही तसंच. त्याने पी००८७ हा दोष-कोड दाखवला म्हणजे रेलचा दाब कमी आहे, एवढंच कळतं. फिल्टर, एअर, पंप, रिटर्न यांपैकी कोण, ते नळी आणि कॅन लावूनच शोधावं लागतं.

जुने इंजेक्टर मात्र गॅरेजात सोडून येऊ नयेत. डिझेल लॅबच्या टेस्ट बेंचवर प्रत्येकाचा रिटर्न मोजून चिठ्ठी मिळते. नव्यांचीही तशीच चिठ्ठी घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या, तर गाडी पुन्हा बंद पडल्यावर वाद घालायला आकडे तरी हातात असतात.